टिकली, मेंदी आणि गोंदण : फवारणीचे औषध शरीरात कुठे जाऊन बसते?

पावसाने उघडीप दिली आहे, पऱ्हाटी कमरेला लागली आहे आणि गावोगाव पंप पाठीवर चढले आहेत. म्हणून आज आम्ही फवारणीचाच विषय घेतला आहे. हातमोजे घाला, तोंडाला फडके बांधा, हे तुम्ही खूपदा ऐकले असेल. आज आम्ही त्यामागचे कारण सांगणार आहोत. कारण कळले की सूचना पाठ कराव्या लागत नाहीत.

मागच्या हंगामात आमच्या गटातल्या एका वहिनींच्या घरी घडलेली गोष्ट आधी सांगतो. त्यांचे मालक चार दिवस लागोपाठ फवारणीला जात होते. चौथ्या दिवशी दुपारी घरी आले ते घामाने डबडबलेले, तोंडाला पाणी सुटलेले, डोळ्यांपुढे अंधारी. सगळ्यांना वाटले, ऊन लागले. कुणी लिंबूपाणी दिले, कुणी दूध दिले, आणि त्याच ओल्या कपड्यांत त्यांना खाटेवर निजवले. रात्री छातीत घरघर सुरू झाली तेव्हा कुठे गाडी बोलावली. ते वाचले, पण नऊ दिवस दवाखान्यात काढावे लागले. आणि त्यांचे ते कपडे धुतले त्या वहिनींनाही चक्कर आली, उलट्या झाल्या.

पुढच्या बैठकीत वहिनींनीच विचारले, "औषध अंगावर सांडले तर पाण्याने धुऊन जाते. पोटात गेले तर उलटीतून पडते. मग माणसाचा जीव कशाने जातो? ते आत जाऊन करते तरी काय?"

उत्तर एका वाक्यात असे : ते औषध शरीरातल्या एका ठरावीक जागी जाऊन बसते आणि तिथून उठत नाही. ती जागा कोणती, ते तिथे का बसते आणि उठवता येते का, हे आता पाहू.

प्रत्येक प्रथिनाला एक खाच असते

प्रथिने म्हटले की आपल्याला डाळ, अंडी, शेंगदाणे आठवतात. पण खाल्लेल्या प्रथिनांपासून शरीर स्वतःची हजारो वेगवेगळी प्रथिने घडवते. ती लांब धाग्यासारखी असतात आणि गुंडाळी होऊन त्यांना ठरावीक आकार येतो. त्या गुंडाळीत कुठेतरी एक खाच राहते, आणि प्रथिनाचे काम बहुतेक वेळा त्या खाचेतच चालते. तिथे कुठलाही रेणू जाऊन बसत नाही. ज्याचा आकार जुळतो, ज्याच्यावरचा विजेचा भार खाचेतल्या भाराशी मेळ खातो, तोच बसतो. १८९४ साली एमिल फिशर या जर्मन शास्त्रज्ञाने याला कुलूप-किल्लीची उपमा दिली. ती आजही शाळेत शिकवतात. पुढे एवढेच कळले की हे कुलूप लोखंडासारखे ताठ नसते. किल्ली आत आली की तेही थोडे वळते, किल्लीला सामावून घेते.

आता बसण्याबसण्यात फरक असतो. आपल्याच कपाळा-हातावरची उदाहरणे घेऊ. टिकली लावली, काढली, परत लावली. शरीरातले बहुतेक निरोप असे टिकलीसारखे चिकटतात आणि सुटतात. मेंदी लावली की लगेच जात नाही, पण काही दिवसांनी आपोआप उतरते. आणि गोंदण एकदा मुरले की जन्माचे. टिकली, मेंदी आणि गोंदण, हे तीन शब्द लक्षात ठेवा. आजचा सगळा विषय त्यात आहे.

निरोप पोचवणारा आणि निरोप पुसणारा

आपण हात उचलतो तेव्हा मेंदूचा हुकूम नसेतून, म्हणजे मज्जातंतूतून, स्नायूपर्यंत येतो. पण नस स्नायूला थेट चिकटलेली नसते. मध्ये डोळ्यांना दिसणार नाही एवढी फट असते. ती फट ओलांडायला नसेच्या टोकातून एक रसायन बाहेर पडते. त्याचे नाव ॲसिटिलकोलिन. नाव अवघड आहे, आपण त्याला 'निरोप्या' म्हणू. निरोप्या फट ओलांडतो, पलीकडच्या कुलपात टिकलीसारखा बसतो आणि स्नायू आवळतो. या कुलपाला डॉक्टर रिसेप्टर म्हणतात. नुसत्या हातापायाच्या स्नायूंवर नाही, तर लाळेच्या, घामाच्या ग्रंथींवर, आतड्यांवर, श्वासनळ्यांवर आणि हृदयावरही याच निरोप्याची कुलपे आहेत.

असा निरोप रसायनातून जातो हे ऑटो लोवी यांनी १९२१ साली बेडकाच्या दोन हृदयांवर दाखवून दिले. एका हृदयाची नस चेतवली, त्याचे ठोके मंदावले. त्या हृदयाभोवतीचे पाणी दुसऱ्या हृदयावर घातले, तर त्याचेही ठोके मंदावले. नसेने पाण्यात काहीतरी सोडले होते. ते हेच ॲसिटिलकोलिन. या कामासाठी लोवी आणि हेन्री डेल यांना १९३६ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

पण निरोप पोचला, की तो पुसलाही पाहिजे. नाहीतर आवळलेला स्नायू सैल होणार कसा? त्यासाठी त्याच फटीत दुसरे एक प्रथिन बसलेले असते, ॲसिटिलकोलिनएस्टरेज. आपण त्याला 'जाते' म्हणू. निरोप्या त्याच्या खाचेत पडतो आणि त्याचे दोन तुकडे होतात. हे जाते फार वेगाने चालते. असे एकेक जाते सेकंदाला हजारो निरोपे दळते. १९९१ साली इस्रायलच्या वाइझमान संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी, विजेचा झटका देणाऱ्या एका माशातून काढलेल्या या प्रथिनाचा आकार उलगडला. तेव्हा दिसले की त्याची खाच वरवर नाही. ती अरुंद, खोल घळीसारखी आहे आणि दळण्याचे काम तळाशी चालते.

जात्यात अडकलेला खडा

मोनोक्रोटोफॉस, क्लोरपायरीफॉस, प्रोफेनोफॉस, डायमेथोएट ही नावे तुम्ही डब्यांवर पाहिली असतील. ही सगळी एका कुळातली, फॉस्फरस असलेली औषधे. किड्याच्या शरीरातही निरोप्या आणि जाते आपल्यासारखेच असते. ही औषधे त्या जात्यात खड्यासारखी अडकतात आणि किडा मरतो. दुर्दैव असे की आपल्या जात्याची खाचही त्यांना बसते. १९३६ साली जर्मनीत गेरहार्ड श्राडर किड्यांसाठी औषध शोधत असताना त्यांच्या हाती याच कुळातले टाबुन आले, आणि त्यापासून युद्धात वापरायचा विषारी वायू झाला. आपल्या पंपातले औषध त्याच्या लांबच्या नात्यातले आहे, एवढे ध्यानात असू द्या.

जाते बंद पडले की निरोपे साचतात. कुलपे उघडी ती उघडीच राहतात. म्हणून लाळ गळते, घाम फुटतो, डोळ्यांतून पाणी येते, उलट्या-जुलाब होतात, कपड्यात लघवी होते, बाहुली टाचणीच्या टोकाएवढी होते, छातीत कफ भरतो. स्नायू आधी थरथरतात, मग थकून लुळे पडतात. श्वासाचे स्नायू थकले की माणूस जातो. वहिनींच्या प्रश्नाचे उत्तर हे आहे. आपल्याच शरीरातला निरोप पुसायचा राहतो आणि त्याने जीव जातो.

इथे दोन गोष्टी कळतात. पहिली, त्रास कधीकधी उशिरा का सुरू होतो. क्लोरपायरीफॉससारखी काही औषधे जशीच्या तशी खाचेत नीट बसत नाहीत. आपलेच यकृत त्यांचे रूप बदलते आणि मग ती पक्की बसतात. म्हणून दुपारी बरा दिसलेला माणूस रात्री अत्यवस्थ होऊ शकतो. दुसरी, चौथ्याच दिवशी का पडले. रोज थोडे औषध कातडीतून, श्वासातून जात होते, रोज थोडी जाती बंद पडत होती. शिल्लक जाती काम रेटत होती, तोवर काही जाणवले नाही. बंद पडलेली जाती भरून यायला वेळ लागतो. रक्तातल्या तांबड्या पेशींवरचे हे प्रथिन दिवसाला साधारण एक टक्का या गतीने भरते. म्हणजे आज फवारलेले आठवडाभरात विसरले जात नाही.

मेंदी की गोंदण?

कार्बारिल, मिथोमिल ही दुसऱ्या कुळातली, कार्बामेट औषधे. तीही त्याच जात्यात अडकतात, पण मेंदीसारखी. काही तासांत, फार तर एक-दोन दिवसांत, आपोआप सुटतात. तोवर माणसाचा श्वास चालू ठेवणे महत्त्वाचे.

फॉस्फरसवाल्या औषधांचे तसे नाही. ती गोंदणासारखी. मात्र हे गोंदण मुरायला थोडा वेळ लागतो. खाचेत चिकटल्यावर औषधाचा एक तुकडा गळून पडतो आणि मग उरलेला भाग कशानेच निघत नाही. मोनोक्रोटोफॉस, डायमेथोएट यांच्या बाबतीत साधारण चार तासांत निम्मे गोंदण मुरते. क्लोरपायरीफॉसच्या बाबतीत त्याला दिवस-सव्वा दिवस लागतो. मुरायच्या आत दवाखान्यात पोचलो तर डॉक्टरांना खडा उचकटून काढायची संधी असते. लिंबूपाणी पाजण्यात, खाटेवर निजवण्यात वहिनींच्या घरचे जे तास गेले ते हेच तास होते.

दवाखान्यात काय करतात

तिथे मुख्यतः दोन औषधे वापरतात. पहिले ॲट्रोपिन. एसटीत आपण खिडकीतून जागेवर रुमाल टाकतो ना? जागा अडते, पण बसलेले कुणी नसते. ॲट्रोपिन तसेच. निरोप्याच्या कुलपात ते जाऊन बसते, पण कुलूप उघडत नाही, आणि निरोप्याला जागा मिळत नाही. मात्र निरोपे जितके जास्त साचलेले, तितके रुमालही जास्त लागतात. म्हणून डॉक्टर छाती कोरडी होईपर्यंत, नाडी सुधारेपर्यंत पुन्हा पुन्हा इंजेक्शन देतात. इतकी इंजेक्शने कशाला, म्हणून घाबरू नका. त्यात रोगी लाल होतो, तोंड कोरडे पडते, कधी बडबडतो, कपडे ओढतो. तसे झाले तर सिस्टरांना लगेच सांगा, मात्रा कमीजास्त करता येते.

पण ॲट्रोपिन ग्रंथी, हृदय आणि श्वासनळ्यांवरच्या कुलपांतच बसते. हातापायाच्या आणि श्वासाच्या स्नायूंवरची कुलपे वेगळ्या घडणीची असतात, तिथे ते बसत नाही. म्हणून कफ सुकला तरी श्वास थकू शकतो आणि मशीन लावावे लागते.

दुसरे औषध प्रालिडॉक्सिम, दवाखान्यात त्याला 'पॅम' म्हणतात. ते जात्याच्या खाचेत शिरते आणि अडकलेला खडा स्वतःवर ओढून घेते. पण गोंदण मुरले असेल तर त्याचा उपयोग नाही. ते द्यायचे की नाही, हे कोणते औषध गेले आणि किती वेळ झाला यावर डॉक्टर ठरवतात. म्हणून या दोन गोष्टी त्यांना सांगणे आपल्याच हातात आहे.

आणखी एक. रोगी शुद्धीवर आला, चहा प्याला, की आपण घरी न्यायची घाई करतो. तसे करू नका. एक ते चार दिवसांच्या दरम्यान काहींचे स्नायू पुन्हा लुळे पडतात. पहिली खूण म्हणजे उशीवरून मान उचलता येत नाही. ते दिसले की त्याच क्षणी डॉक्टरांना हाक मारा, कारण पाठोपाठ श्वास थकतो.

घरगुती उपाय का नकोत

दूध, तूप, लिंबू, चिंचेचे पाणी यांतले काहीही त्या खोल घळीत जाऊन खडा काढू शकत नाही. उलट्या काढायला मिठाचे पाणी पाजले, तर गुंगीतल्या माणसाच्या श्वासनळीत ते जाऊन फुप्फुसे बिघडतात. एक गोष्ट ठासून सांगतो : धोतऱ्यात ॲट्रोपिनसारखी द्रव्ये असतात, म्हणून कुणी धोतऱ्याचे बी किंवा रस देण्याचा सल्ला देईल. देऊ नका. एका झाडात ते किती आहे याचा अंदाज कुणालाच नसतो, आणि धोतऱ्याने माणसे दगावतात.

सगळ्याच डब्यांचे विष या जात्यात अडकत नाही, हेही लक्षात घ्या. सायपरमेथ्रिन नसेतल्या वेगळ्याच दारात जाऊन बसते. इमिडाक्लोप्रिड निरोप्याच्या कुलपात बसते, पण किड्याच्या कुलपात फार घट्ट आणि आपल्या कुलपात सैल. दोन्ही कुलपांची घडण थोडी वेगळी आहे, म्हणून. ते तंबाखूतल्या निकोटिनच्या धर्तीवर घडवलेले आहे. आणि निकोटिन? आपण सकाळी मिसरी लावतो तेव्हा तेही याच प्रकारच्या कुलपात, मेंदूतल्या, जाऊन बसते. सवय सुटत नाही याचे मूळ तिथे आहे. तो विषय पुढे कधीतरी घेऊ.

जागा वेगळी तर उतारा वेगळा. म्हणून डबा बरोबर न्या.

आपण काय ठरवले

२०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर गेले आणि शेकडो जण दवाखान्यात दाखल झाले. त्या बातम्यांत पंप चालवणारे दिसले. पण औषधासाठी पाणी वाहणारी, बादलीत ते ढवळणारी, फवारलेल्या वावरात निंदायला जाणारी आणि शेवटी ते कपडे धुणारी बाई कुणाच्या मोजणीत येत नाही. तिच्याही नसांत तीच जाती आहेत. म्हणून आमच्या गटाने काही गोष्टी ठरवल्या आहेत. तुमच्या गटातही बोलून पाहा.

एक. फवारणारा घरी आला की आधी अंघोळ, मग घरात पाऊल. साबण आणि भरपूर पाणी. केस, नखे, कानामागची जागा सोडायची नाही. कातडीवर आहे तोवर औषध आत झिरपतच राहते.

दोन. फवारणीचे कपडे हातमोजे घालून, वेगळ्या बादलीत, दोन पाण्यांनी धुवायचे. मुलांच्या कपड्यांत मिसळायचे नाहीत. मोजे नसतील तर हाताला प्लास्टिकच्या पिशव्या बांधायच्या.

तीन. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाईने औषध ढवळायचे नाही, ताज्या फवारलेल्या वावरात जायचे नाही. सासूबाईंनी आणि मालकांनी हे आधी मान्य करायचे.

चार. घाम, लाळ, बारीक बाहुली, छातीत घरघर यांतले काही दिसले की ऊन लागले असे म्हणत बसायचे नाही. १०८ ला फोन करायचा. गाडी येईपर्यंत कपडे काढून अंग धुवायचे, डाव्या कुशीवर निजवायचे, तोंडात काही घालायचे नाही. धुणाऱ्यानेही हात झाकायचे.

पाच. डबा, निदान त्यावरचा कागद, दवाखान्यात न्यायचा. फवारणीच्या सकाळीच घरातल्या कुणीतरी मोबाइलवर त्याचा फोटो काढून ठेवायचा. डब्यावरच्या त्रिकोणाचा रंगही पाहून ठेवायचा : लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. किती वाजल्यापासून फवारत होते, त्रास कधी सुरू झाला, हे सांगायचे.

सहा. कुणी रागाच्या, दुःखाच्या भरात स्वतःहून प्यायले असेल तर डॉक्टरांपासून लपवायचे नाही. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा अशा माणसाला तणावाखाली असल्याचे धरून चालतो, शिक्षेपेक्षा उपचारावर भर देतो. लाजेपोटी तास घालवले तर ते तास परत मिळत नाहीत. आणि औषधाचा डबा घरात नको. असलाच तर कुलपात, किल्ली एकाकडेच.

मैत्रिणींनो, ज्या वहिनींनी प्रश्न विचारला त्या यंदा फवारणीच्या दिवशी दाराशीच साबण आणि भरलेली बादली ठेवतात. मालक कुरकुरतात. त्या म्हणतात, "आधी बादली, मग चहा." आमच्या गटात आता हे वाक्य सगळ्याच जणी म्हणतात. तुम्हीही म्हणा. आणि तुमच्या घरी, तुमच्या गावात फवारणीच्या दिवसांत काय घडते ते आम्हाला जरूर कळवा. भेटू पुढच्या वेळी. नमस्कार.